संगणकाच्या कोठारात नव्या डिस्कची भर

कोणतीही संस्था जुनी होत जाते तसतसे तिचे दप्तर वाढत जाते. सभांची इतिवृत्ते, देणगीदारांच्या याद्या, पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती, विद्यार्थ्यांना दिलेल्या साहाय्याची नोंद, समारंभांची छायाचित्रे, हे सर्व पूर्वी लाकडी कपाटांत व पत्र्याच्या पेट्यांत राहत असे. आता त्या कागदांच्या प्रतिमा घेऊन त्या संगणकात ठेवण्याचा प्रघात सर्वत्र पडला आहे. घरोघरीही तेच चालले आहे. आजोबा-आजींची जुनी छायाचित्रे, मुलांच्या मुंजी-लग्नांची चलच्चित्रे, सारे काही एका यंत्राच्या पोटात साठविले जाते. आणि एके दिवशी यंत्र सांगते की, जागा संपली.

अशा वेळी कोणी तरी जाणकार येतो, नवी डिस्क बसवितो, आणि तासाभरात जुन्याच नावाच्या कप्प्यात दुप्पट-तिप्पट जागा झालेली दिसते. एकही फाइल हलविलेली नसते, कोणाचा पत्ता बदललेला नसतो. पाहणाऱ्यास हा चमत्कार वाटतो. ह्या चमत्कारामागील रचना कशी असते, नवी डिस्क जोडण्याचा क्रम काय, आणि तसे करताना आपण कोणती जोखीम पत्करतो, ह्याची माहिती करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचन लिनक्स ह्या संगणकप्रणालीस धरून केले आहे. संस्थांच्या कचेऱ्यांत जाळ्यावर जोडलेल्या ज्या साठवण-पेट्या वापरतात, त्यांपैकी काहींच्या पोटातही हीच रचना असते. म्हणून ज्यांनी लिनक्सचे नावही ऐकले नाही त्यांनाही हा विषय परका नाही.

१. जुनी पद्धत व तिची अडचण

इ. स. १९५६ मध्ये अमेरिकेतील आयबीएम कंपनीने ‘रॅमॅक’ नावाचे यंत्र पुढे आणले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच आसाभोवती फिरत असत आणि त्या सर्वांवर मिळून ५० लक्ष अक्षरे मावत. आज भ्रमणध्वनीवर काढलेले एखादे छायाचित्र पुष्कळदा एकटेच तेवढी जागा घेते. साठवणीचे प्रमाण असे अफाट वाढले. परंतु एक गोष्ट दीर्घकाळ तशीच राहिली. डिस्क म्हणजे एक खोली, आणि तिचे भाग पाडावयाचे ते पक्क्या भिंती घालून.

ह्या भागांना पार्टिशन म्हणतात. पार्टिशनचा आरंभ कोठे व शेवट कोठे हे ठरलेले असते. समजा, एका डिस्कवर हिशेबासाठी एक भाग व छायाचित्रांसाठी दुसरा भाग पाडला. छायाचित्रांचा भाग भरला आणि हिशेबाचा अर्धा रिकामा राहिला, तरी ती रिकामी जागा छायाचित्रांच्या उपयोगी पडत नाही. भाग वाढवावयाचा तर त्याला लागूनच पुढे मोकळी जागा असावी लागते. दुसऱ्या डिस्कवर तर त्याला पाऊलही टाकता येत नाही. नवी डिस्क आणली की ती वेगळ्या नावाने, वेगळ्या ठिकाणी उघडावी लागते. मग निम्मी छायाचित्रे येथे, निम्मी तेथे. आणि दोन वर्षांनी कोणते साल कोणत्या डिस्कवर आहे हे कोणास आठवत नाही.

२. कोठाराची उपमा

ही अडचण दूर करणारी जी योजना, तिला ‘लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजमेंट’ असे नाव असून आद्याक्षरांवरून ‘एलव्हीएम’ म्हणतात. ती समजण्यास धान्याच्या कोठाराची उपमा फार सोयीची आहे.

कोठारात निरनिराळ्या आकाराच्या कणग्या असतात. एक कणगी म्हणजे एक डिस्क. कणगी कोठारात घेण्यापूर्वी तिच्यावर कोठाराची खूण करावी लागते. अशी खूण केलेल्या डिस्कला ‘फिजिकल व्हॉल्यूम’ अथवा पीव्ही म्हणतात. ह्या लेखापुरते आपण तिला भौतिक खंड म्हणू. ही खूण डिस्कच्या अगदी आरंभी लिहिली जाते आणि तीत त्या डिस्कचा एक स्वतंत्र, दुसऱ्या कशाशीही न जुळणारा ओळखक्रमांक असतो. त्यामुळे पुढे डिस्क दुसऱ्या खाचेत बसविली तरी कोठार तिला ओळखते.

अनेक कणग्या मिळून जे एक कोठार होते, त्याला ‘व्हॉल्यूम ग्रूप’ अथवा व्हीजी, म्हणजे खंडसमूह, असे म्हणतात. ह्या कोठारातील जागा मोजण्याचे माप एकच असते. आपल्याकडे धान्य पायलीने मोजीत, तशी येथे जागा ‘एक्स्टेंट’ नावाच्या सारख्या तुकड्यांनी मोजतात. वेगळे सांगितले नाही तर एक माप ४ मेबिबाइटचे, म्हणजे ४१ लक्ष ९४ हजार ३०४ बाइटांचे, धरले जाते. १ टेराबाइटच्या डिस्कमध्ये अशी सुमारे २ लक्ष ३८ हजार मापे बसतात.

तिसरी पायरी वाटणीची. कोठारातून अमुक इतकी मापे छायाचित्रांना, तमुक इतकी हिशेबाला, अशी नावनिशीवार वाटणी केली की प्रत्येक वाटणीला ‘लॉजिकल व्हॉल्यूम’ अथवा एलव्ही, म्हणजे तार्किक खंड, म्हणतात. वाटणीतील मापे एकाच कणगीतील असली पाहिजेत असे बंधन नाही. पहिली २ लक्ष मापे एका डिस्कवर आणि पुढील १ लक्ष दुसऱ्या डिस्कवर असली तरी वापरणाऱ्यास ती सलग ३ लक्षच दिसतात. कोणते माप कोणत्या डिस्कवर आहे ह्याची खतावणी कोठार आपणच ठेवते, आणि सामान्यतः ह्या खतावणीची एक एक प्रत समूहातील प्रत्येक डिस्कवर लिहून ठेवते.

ह्या तिन्हींच्या वर आणखी एक थर असतो, तो फाइल-व्यवस्थेचा. वाटणी म्हणजे केवळ मोकळी जागा. त्या जागेत फडताळे उभारून प्रत्येक फाइलीला ठिकाण देणे व त्याची सूची ठेवणे हे फाइल-व्यवस्थेचे काम. लिनक्सवर ‘एक्स्ट४’ आणि ‘एक्सएफएस’ ह्या दोन व्यवस्था विशेष प्रचारात आहेत. जागा वाढविताना हा चौथा थर विसरला जातो आणि मग ‘डिस्क घातली, पण जागा वाढली नाही’ अशी तक्रार ऐकू येते. कोठार मोठे झाले, वाटणी मोठी झाली, पण आत नवी फडताळेच उभारली नाहीत, असा त्याचा अर्थ.

३. थोडा पूर्वेतिहास

ही कल्पना लिनक्सची स्वतःची नव्हे. मोठ्या कंपन्यांच्या युनिक्स यंत्रांवर ती आधीपासून रूढ होती. आयबीएमच्या ‘एआयएक्स’ प्रणालीत १९९० च्या सुमारास ती होती, आणि ह्यूलेट-पॅकार्डच्या ‘एचपी-यूएक्स’ मध्येही होती. १९९८ मध्ये हाइन्झ माउएल्सहागेन ह्या जर्मन तंत्रज्ञाने एचपी-यूएक्सची रचना डोळ्यांपुढे ठेवून लिनक्ससाठी एलव्हीएमचे पहिले लेखन केले. पुढे डिसेंबर २००३ मध्ये लिनक्सचा २.६ हा गाभा प्रसिद्ध झाला, त्यात ‘डिव्हाइस मॅपर’ नावाची नवी यंत्रणा आली आणि तिच्या आधारावर एलव्हीएमची दुसरी आवृत्ती उभी राहिली. आज चालते ती हीच. विंडोज प्रणालीतही २०१२ पासून ‘स्टोरेज स्पेसेस’ ह्या नावाने ह्याच जातीची सोय आहे.

४. डिस्क विकत घेण्यापूर्वी

ज्याप्रमाणे बांधकामास हात घालण्यापूर्वी पाया तपासतात, त्याप्रमाणे येथेही चार गोष्टी आधी कराव्यात. पुढे ज्या आज्ञा दिल्या आहेत त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकित कराव्या लागतात आणि त्यांना व्यवस्थापकाचा अधिकार लागतो.

पहिली गोष्ट, नव्या डिस्कची गरज खरोखर आहे काय हे पाहावे. ‘व्हीजीएस’ ही आज्ञा दिली असता कोठाराची एकूण जागा व त्यांतील न वाटलेली जागा कळते. पुष्कळदा असे आढळते की वाटणी भरली आहे, पण कोठारात जागा शिल्लक आहे. उबंटूच्या सर्व्हर आवृत्तीची स्थापना नेहमीच्या मार्गाने केली तर मोठ्या डिस्कचा काही भागच वाटला जातो व उरलेला तसाच राखून ठेवला जातो. अशा ठिकाणी खर्च न करताच काम भागते.

दुसरी गोष्ट, आहे त्या सामग्रीची एक प्रत बाहेर काढून ठेवावी. पुढील क्रिया सहसा निर्विघ्न पार पडतात. परंतु एखाद्या अक्षराच्या चुकीने नव्या डिस्कऐवजी जुनीच पुसली गेल्याची उदाहरणे ह्या क्षेत्रात थोडी नाहीत.

तिसरी गोष्ट, नवी डिस्क नीट ओळखावी. लिनक्स डिस्कांना एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे देते. पण ही नावे कायमची नसतात. यंत्र पुन्हा सुरू केले की कालची एसडीबी आज एसडीसी होऊ शकते. यास्तव केवळ नावावर विसंबू नये. ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा सर्व डिस्कांची यादी आकारांसह देते. त्यात आकार पाहावा, डिस्कवर काही भाग आधीच पाडलेले आहेत का ते पाहावे, आणि डिस्कच्या पाठीवर छापलेला अनुक्रमांक यंत्र दाखविते त्याच्याशी ताडून घ्यावा. दोन डिस्का सारख्याच आकाराच्या असल्या तर ही ताडणी अत्यावश्यक होय.

चौथी गोष्ट, जोडणीपूर्वीची स्थिती कागदावर लिहून ठेवावी. ‘पीव्हीएस’, ‘व्हीजीएस’ आणि ‘एलव्हीएस’ ह्या तीन आज्ञांनी अनुक्रमे कणग्या, कोठारे व वाटण्या ह्यांची यादी मिळते. ती छापून दप्तरात लावावी. जाणकार व्यक्ती आज आहे, उद्या बदलीवर जाईल. तिच्यामागून येणाऱ्यास हा एक कागद फार उपयोगी पडतो.

५. जोडणीचा क्रम

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका कचेरीत १ टेराबाइटची डिस्क आहे. तिच्यावरील कोठाराचे नाव ‘दप्तर’ व त्यातील एका वाटणीचे नाव ‘छायाचित्रे’ असे ठेवले आहे. (यंत्रावर ही नावे रोमन अक्षरांतच ठेवावी लागतात.) ही वाटणी भरत आली आहे आणि २ टेराबाइटची नवी डिस्क एसडीबी ह्या नावाने दिसत आहे.

पहिली पायरी : ‘पीव्हीक्रिएट’ ही आज्ञा देऊन पुढे नव्या डिस्कचे नाव लिहावे. ह्यायोगे डिस्कवर कोठाराची खूण होते. डिस्कवर पूर्वीची एखादी फाइल-व्यवस्था असल्यास यंत्र तसा इशारा देऊन ‘पुसू काय’ असे विचारते. ह्या प्रश्नाला घाईने होकार देऊ नये. नवी कोरी डिस्क म्हणून आणलेली असताना हा प्रश्न आला, तर आपण भलत्याच डिस्कला हात घातला आहे अशी शंका घ्यावी आणि तेथेच थांबून पुन्हा ओळख पटवावी.

दुसरी पायरी : ‘व्हीजीएक्स्टेंड’ ही आज्ञा देऊन पुढे प्रथम कोठाराचे व नंतर डिस्कचे नाव लिहावे. आता नवी कणगी ‘दप्तर’ मध्ये सामील झाली. पूर्वीची सुमारे २ लक्ष ३८ हजार व नवीन सुमारे ४ लक्ष ७६ हजार मिळून कोठारात सुमारे ७ लक्ष १५ हजार मापे झाली. ‘व्हीजीएस’ पुन्हा देऊन ही वाढ डोळ्यांनी पाहावी. पहिली पायरी गाळली तरी ही आज्ञा ते काम आपणच उरकते. तथापि शिकणाऱ्याने दोन्ही वेगळ्या कराव्यात, म्हणजे इशारा कोठे आला हे स्पष्ट कळते.

तिसरी पायरी : ‘एलव्हीएक्स्टेंड’ ह्या आज्ञेने वाटणी वाढवावी. किती वाढवावयाची ते आज्ञेतच सांगतात. ५०० गिबिबाइट वाढविले तर १ लक्ष २८ हजार मापे खर्ची पडतात, कारण प्रत्येक गिबिबाइटमध्ये अशी २५६ मापे असतात. येथे अधिक चिन्हाकडे विशेष लक्ष द्यावे. ५०० च्या मागे अधिक चिन्ह असेल तर ‘आहे त्यात ५०० ची भर घाल’ असा अर्थ होतो. चिन्ह नसेल तर ‘एकूण ५०० कर’ असा अर्थ होतो.

चौथी पायरी : आत फडताळे उभारण्याची, म्हणजे फाइल-व्यवस्था वाढविण्याची. एक्स्ट४ असेल तर ‘रिसाइझटूएफएस’ आणि एक्सएफएस असेल तर ‘एक्सएफएस-ग्रोएफएस’ ही आज्ञा वापरतात. तिसऱ्या पायरीतील आज्ञेला ‘आर’ हे अक्षर जोडचिन्हासह लावले तर ही पायरी तिच्याबरोबरच पार पडते, आणि तोच मार्ग सुरक्षित. दोन्ही व्यवस्था चालू असताना वाढविता येतात. कचेरीचे काम थांबवावे लागत नाही. शेवटी ‘डीएफ’ ही आज्ञा देऊन वापरण्याजोगी जागा वाढली की नाही ह्याची खात्री करावी.

वाढविणे जितके सोपे तितके घटविणे नाही. एक्स्ट४ आकसविता येते, पण त्यासाठी ती वापरातून बाहेर काढावी लागते. एक्सएफएसच्या बाबतीत घटविण्याचा मार्ग व्यवहारात नाहीच. म्हणून आज लागेल तेवढीच भर घालावी आणि उरलेली मापे कोठारात राखून ठेवावीत. पुढे भर घालणे हे एका आज्ञेचे काम आहे. शिवाय राखीव मापांचे दुसरेही उपयोग आहेत, त्यांपैकी एक पुढे येईलच.

६. खोक्यावरील आकडा व पडद्यावरील आकडा

येथे एका नेहमीच्या शंकेचे निरसन केले पाहिजे. खोक्यावर २ टेराबाइट लिहिलेले असते आणि पडद्यावर १.८२ दिसते. दुकानदाराने फसविले असा समज होतो. परंतु तसे नसते. कारखानदार टेरा म्हणजे एकावर बारा शून्ये असा दशमानाचा हिशेब धरतात. एलव्हीएम मात्र १०२४ च्या पटीत मोजते. १०२४ ला चार वेळा गुणले की जी संख्या येते ती एकावर बारा शून्यांपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी मोठी असते. माप मोठे म्हणून आकडा लहान, इतकाच हा फरक, बाइट तेवढेच. ह्याच हिशेबाने ४ टेराबाइटची डिस्क ३.६४ आणि १ टेराबाइटची सुमारे ९३१ गिबिबाइट दिसते.

७. उपमा जेथे संपते

आतापर्यंत कोठाराची उपमा उपयोगी पडली. आता ती जेथे फसवी ठरते ते ठिकाण सांगणे जरूर आहे, कारण ह्या लेखाचे मर्म तेथेच आहे.

कोठारातील एक कणगी कुजली तर त्या कणगीतलेच धान्य जाते. शेजारची कणगी शाबूत राहते. संगणकाच्या कोठाराचे तसे नाही. एक वाटणी दोन डिस्कांवर पसरली की ती धान्यापेक्षा पोथीसारखी होते. पोथीची निम्मी पाने एका पेटीत आणि निम्मी दुसऱ्या पेटीत ठेवली, आणि अनुक्रमणिकाही दोन्ही पेट्यांत विखुरली, अशी कल्पना करावी. एक पेटी आगीत गेली तर उरलेली पाने हातात असूनही पोथी लागत नाही. फाइल-व्यवस्थेची सूची अशीच सर्वत्र विखुरलेली असते. एक डिस्क बिघडली की दुसऱ्या, पूर्ण निकोप डिस्कवरील मजकूरही सामान्य उपायांनी वाचता येत नाही. तज्ज्ञांकडून काही तुकडे मिळाले तर मिळाले.

हिशेबाने पाहू. केवळ गणितापुरते असे धरू की कोणतीही डिस्क वर्षभरात बिघडण्याचा संभव शंभरात २ आहे. एकच डिस्क असताना वाटणी बुडण्याचा संभव शंभरात २. तीच वाटणी दोन डिस्कांवर पसरली तर दोन्ही टिकल्या तरच ती टिकणार. म्हणून संभव शंभरात ३.९६ होतो. चार डिस्कांवर पसरली तर ७.७६. म्हणजे प्रत्येक नव्या डिस्कबरोबर जागा वाढली तशी जोखीमही वाढली, आणि तीही साऱ्या सामग्रीची. पडद्यावर मात्र केवळ जागा वाढलेली दिसते. जोखीम कोठेच दिसत नाही.

ह्यावरून असा निष्कर्ष काढू नये की एलव्हीएम ही वाईट योजना आहे. ती जागेची व्यवस्था लावते. संरक्षणाची हमी ती आपण मागितल्याशिवाय देत नाही. ही हमी तीन प्रकारे मिळविता येते.

पहिला प्रकार, वाटणी पसरू न देणे. वाटणी करताना वा वाढविताना ‘ही मापे अमुक डिस्कवरूनच घे’ असे आज्ञेच्या शेवटी डिस्कचे नाव लिहून सांगता येते. आपल्या उदाहरणात ‘छायाचित्रे’ जुन्या डिस्कवरच राहू देऊन नव्या वर्षांच्या छायाचित्रांसाठी नव्या डिस्कवर स्वतंत्र वाटणी केली, तर एक डिस्क गेल्यास एकच वाटणी जाईल. सोय थोडी कमी, पण नुकसानीला कुंपण पडते. ह्याच न्यायाने तारेने बाहेरून जोडलेली, हाताने काढता-घालता येणारी डिस्क कोठारात कधीही सामील करू नये. कोणी तरी सहज म्हणून ती तार ओढली की कोठाराची एक कणगी नाहीशी होते.

दुसरा प्रकार आरशाचा. प्रत्येक माप दोन डिस्कांवर लिहिणे, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी काम चालविते. एलव्हीएममध्ये ह्याला ‘रेड-१’ म्हणतात आणि असलेली साधी वाटणीही ‘एलव्हीकन्व्हर्ट’ ह्या आज्ञेने आरशाची करता येते. वरील गणितात दोन डिस्का स्वतंत्रपणे एकाच वर्षात बिघडण्याचा संभव दहा हजारांत ४ येतो. आरशाच्या नोंदीसाठी जुन्या डिस्कवरही थोडी मोकळी मापे लागतात. डिस्क शेवटच्या मापापर्यंत वाटून टाकली असेल तर येथे अडते. मघाशी राखीव मापांविषयी म्हटले ते ह्यासाठीच. आरशाची किंमत उघड आहे : १ टेराबाइटच्या संरक्षणास १ टेराबाइट खर्ची पडतो. आपल्या उदाहरणातील नव्या डिस्कचा निम्मा भाग आरशाला दिला तर उरलेल्या निम्म्या भागाला जोडीदार राहत नाही.

तिसरा प्रकार प्रतीचा, आणि तो वरील दोहोंना पर्याय नसून त्यांच्याही पलीकडचा आहे. आरसा जे दाखवील ते तत्काळ उमटवितो. कोणी चुकून एक कप्पा पुसला तर आरशातूनही तो त्याच क्षणी पुसला जातो. विजेचा मोठा धक्का बसला, कचेरीत पाणी शिरले, यंत्रच चोरीस गेले, तर दोन्ही डिस्का एकदमच जातात. एलव्हीएममध्ये ‘स्नॅपशॉट’ नावाची क्षणचित्रे घेण्याची सोय आहे. पण तीही त्याच कोठारात राहतात, म्हणून तीही प्रत नव्हेत. छायाचित्रे जपणाऱ्यांत एक साधा नियम रूढ आहे : प्रती तीन असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी असावी. संस्थेने एवढा नियम पाळला तरी पुष्कळ झाले.

८. जुनी डिस्क निवृत्त करणे

डिस्क जोडण्याइतकेच डिस्क काढण्याचे शास्त्र महत्त्वाचे. डिस्का म्हाताऱ्या होतात आणि पुष्कळदा आधी सूचना देतात. ‘स्मार्ट’ नावाची तपासणी डिस्कमध्येच अंगभूत असते आणि ‘स्मार्टसीटीएल’ ह्या आज्ञेने तिचा अहवाल मिळतो. अहवालात दोष वाढताना दिसू लागले की प्रथम प्रत काढावी आणि मग पुढील क्रम धरावा.

नवी डिस्क कोठारात सामील करून झाल्यावर ‘पीव्हीमूव्ह’ ही आज्ञा देऊन पुढे जुन्या डिस्कचे नाव लिहावे. जुन्या कणगीतील मापे एक एक करून अन्य कणग्यांत नेली जातात. हे काम तासन्‌तास चालते. पण त्या काळात वापरणाऱ्यांचे काम चालू राहते. मध्येच वीज गेली तरी घाबरण्याचे कारण नाही. पुन्हा तीच आज्ञा नावाशिवाय दिली की काम जेथे थांबले होते तेथून पुढे चालते. सर्व मापे हलली की ‘पीव्हीएस’ मध्ये जुनी डिस्क पूर्ण रिकामी दिसते. त्यानंतर ‘व्हीजीरिड्यूस’ ने तिला कोठारातून मुक्त करावे, ‘पीव्हीरिमूव्ह’ ने तिच्यावरील खूण पुसावी, आणि मगच तिला यंत्रातून हात लावावा. हा क्रम उलटला, म्हणजे आधी डिस्क काढली आणि मग आज्ञा आठवल्या, तर वर वर्णिलेली पोथीची गत होते.

आणखी एक सोय सांगितली पाहिजे. कोठाराच्या खतावणीत प्रत्येक बदल होताना एलव्हीएम तिची एक लेखी प्रत यंत्राच्या ‘ईटीसी’ नावाच्या कप्प्यातही ठेवते, आणि ‘व्हीजीसीएफजी-बॅकअप’ ह्या आज्ञेने ती मुद्दाम काढून अन्यत्र नेता येते. ही फाइल अगदी लहान असते. मात्र ती खतावणीची प्रत आहे, धान्याची नव्हे, हे ध्यानात ठेवावे. तिच्यावरून कोणते माप कोठे होते हे कळते; मापातील मजकूर परत येत नाही.

९. कार्यकारी मंडळाने विचारावयाचे प्रश्न

हा लेख वाचून प्रत्येकाने स्वतः आज्ञा द्याव्यात अशी अपेक्षा नाही. परंतु खर्चास मंजुरी देणारे, हिशेब तपासणारे व दप्तर सांभाळणारे ह्यांनी काय विचारावे हे त्यांस कळले तर लेखाचा हेतू सफल होईल. नव्या डिस्कचे देयक पुढे येईल तेव्हा तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : कोठारात न वाटलेली जागा किती शिल्लक आहे? उत्तर लेखी घ्यावे. ते एका आज्ञेत मिळते.

दुसरा : ही डिस्क जागेसाठी घेत आहोत की संरक्षणासाठी? एकाच डिस्ककडून दोन्ही कामे होत नाहीत. जागेसाठी घेत असू तर आपली वाटणी किती डिस्कांवर पसरणार, आणि त्यांपैकी एक गेली तर काय काय जाईल, हे स्पष्ट सांगण्यास सांगावे.

तिसरा : आज रात्री हे यंत्र जळाले तर उद्या सकाळी आपली सामग्री कोठून आणणार? ह्याचे उत्तर एखाद्या जागेचे व एखाद्या व्यक्तीचे नाव असले पाहिजे, आणि त्या प्रतीवरून एखादी फाइल परत उघडून पाहिल्याची तारीखही सांगता आली पाहिजे. उघडून न पाहिलेली प्रत भरवशाची धरू नये.

तिसऱ्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळत नसेल, तर मंजूर झालेल्या रकमेतून कोठारात भर घालण्याऐवजी एक वेगळी डिस्क घ्यावी, तिच्यावर साऱ्या दप्तराची प्रत उतरवावी आणि ती दुसऱ्या इमारतीत, कुलपात ठेवावी. जागा चार महिने उशिरा वाढली तरी चालेल. इतिवृत्तांचे मूळ कागद वाळवीने खाल्ले असतील, जुन्या छायाचित्रांच्या काचा फुटल्या असतील, तर संगणकातील ती प्रतिमाच आता मूळ प्रत झालेली असते; आणि मूळ प्रत एकाच ठिकाणी ठेवणे हे कोणत्याही काळी शहाणपणाचे मानले गेले नाही.